थोरली, धाकटी

प्रज्वलच्या मोबाइलवर दोन ठिपके होते.
"मावशी, एका दिवसात दोन्ही," तो म्हणाला,
"तीनशे मीटर चढ होतो. रविवारी करू."
मी हो म्हटलं. माझं बालपण
त्या तीनशे मीटरांतच गेलंय,
तेव्हा कुणी मोजलं नव्हतं एवढंच.

कुरारला रिक्षा सोडली तेव्हा सहा वाजले होते.
शेवटची चाळ, तिचा नळ, नळाला बांधलेली बकरी,
आणि लगेच डोंगर.
मुंबईत डोंगर असाच सुरू होतो,
कुणाच्या तरी मोरीच्या मागून.

माघातलं गवत, पिवळं, पोटऱ्यांना चावणारं.
कांडोळ पांढरेफटक उभे,
अंगावर पान नाही, लाज नाही.
प्रज्वल पुढे, मनगटावर घड्याळ,
घड्याळाला त्याच्या ठोक्यांची काळजी.
मी मागे, गुडघ्याला क्रेप बँडेज,
गालात चिक्कीचा तुकडा.

थोरलीचा माथा. साडेसात.
पश्चिमेला टॉवर, टॉवर, एक मनोरा, टॉवर,
मग धुरकट पट्टा. तो समुद्र, असं धरून चालायचं.
त्याने फोटो काढले, मी अंडी सोलली.
मीठ घरीच राहिलं होतं.

"आता धाकटी."

खिंड उतरलो. तारेचं कुंपण, कुंपणाला भोक,
भोकातून वाकून पलीकडे गेलो
आणि पुढे जमीन नव्हती.

तळाला हिरवं पाणी, पाण्यात एक बगळा.
कड्यावर सुरुंगाच्या भोकांच्या रेघा,
शिवण उसवल्यावर उरतात तशी टाक्यांची भोकं.
प्रज्वल मोबाइल फिरवत राहिला.
ठिपका समोरच होता,
पन्नास पावलांवर, हवेत.
"अजून एकोणचाळीस मीटर चढ बाकी दाखवतंय."

तुझे आजोबा, हणमंता,
बावीस वर्षं रोज या धाकटीवर चढले.
रोज थोडं कमी चढावं लागायचं.
दगडाला शीर असते म्हणायचे,
ती कानाने शोधायची, मग एकच घाव.
बाराच्या शिट्टीला आम्ही पोरं पत्र्याखाली,
आई पाट्याला टाकी लावता लावता थांबायची,
आणि डोंगर एकदाच खोकायचा.
खडी ट्रकमधून गेली. कुठे, ते आम्ही विचारलं नाही.
मघाशी वरून फोटो काढलास ना,
त्यात असेल धाकटी,
उभी करून ठेवलेली, लिफ्टसकट.

यातलं अर्धंच बोलले. धाप लागली होती.

तो बराच वेळ गप्प.
मग म्हणाला, "मग मोजायचं कसं?"

ट्रकच्या जुन्या रस्त्याने खाली गेलो,
घाणेरीतून, पाण्याच्या काठापर्यंत.
बगळा उडाला नाही, दोन पावलं सरकला.
तिथून पुन्हा वर, त्याच वळणांनी,
त्याचा हात माझ्या कोपराखाली.
घड्याळाने चढ नोंदवला, एकशे बारा मीटर.
शिखर गाठलं, असं काही ते म्हणालं नाही.

रात्री ताईचा फोन.
"झाल्या का गं दोन्ही?"
"एक चढून झाली," मी म्हटलं, "एक उतरून."
ती थोडा वेळ बोललीच नाही.
मागे तिच्या कुकरची शिट्टी झाली.
मग हळूच विचारलं,
"पाणी किती होतं?"