घासाघीस

बर्चच्या पातळ फळकुटावर काल्यो पेन्सिलीनं लिहितो:
एकोणीसशे युरो.

कांगुर चष्मा वर सारतात.
"दुकानात चारशेला मिळतं टेबल.
खोकं उघडायचं, आठ स्क्रू पिळायचे."
मग घ्या की तेच, असं काल्यो म्हणत नाही.
रंधा उचलतो, आकडा तासून काढतो,
ढलपी वळत वळत खाली पडते,
आणि कोऱ्या जागी पुन्हा: एकोणीसशे.

मग पाय निमुळते हवेत.
मग म्हणे, मेहुण्याला यातलं कळतं,
तो म्हणाला, नऊशेसुद्धा फार.
रंधा. तोच आकडा.
मग दोन खण, "तेवढं बसेलच ना त्यात?"
रंधा. बावीसशे.

मी शिकाऊ, भुसा लोटता लोटता मोजते आहे:
अकरा ढलप्या.
व्होरूच्या तळ्यावर साडेतीनलाच अंधारलं.

काल्यो फळकुट दिव्यासमोर धरतो,
पलीकडच्या बोटांची सावली अलीकडे दिसते.
"अजून एकदा घासता येईल," तो म्हणतो,
"मग लिहायला लाकूड उरणार नाही."

कांगुर गप्प. स्टोव्हवरची किटली तेवढी बोलते.
मग हातमोजा काढून
ते अंगठा फिरवतात फळकुटावरून,
एकदा, परत एकदा.
"टेबलही इतकंच गुळगुळीत होईल?"

"निम्मे आगाऊ," काल्यो म्हणतो.