दुसरा टेक

दर महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी
आम्ही सातजण जमतो हरुष्काच्या तळघरात, ओमाहात.
पूर्वी बारा होतो.
वर त्याचं बंद पडलेलं खाटकाचं दुकान,
आकडे अजून छताला तसेच,
त्यांना आता कोट टांगतो आम्ही.

आज लेलंड व्हॉसनं आणलीय,
बर्फातून, दोन बस बदलून, मांडीवर धरून,
जशी कुणी अंडी आणतं,
ऑरिन टॅलबर्टच्या बँडची एक चाचणी-तबकडी.
लेबल कोरं. पेन्सिलीनं फक्त एक आकडा: २.
पहिला टेक आमच्या सगळ्यांकडे आहे.
दुसरा आहे म्हणे, एवढंच ऐकून होतो,
गावात एखाद्या घरच्या थोरल्याबद्दल ऐकून असतात तसं,
जो गेला आणि पत्र नाही.

सुई ठेवायचं काम माझं.
हात थरथरत नाही असा मी एकटाच उरलोय.

खरखर. मग सगळे ट्रम्पेट एकदम,
कुणी लाथेनं दार उघडावं तसे.
मग पाच सॅक्सोफोन वळतात
अरुंद रस्त्यावर लांब बस वळते तसे,
मागचं चाक किंचित उशिरा:
तो बॅरिटोन.
आणि मग आठ बार, एकटा टेनर,
घाई नाही, समजूत काढल्यासारखा.

"पर्नेल," लेलंड म्हणाला, डोळे मिटलेलेच.
"पर्नेल कसला? पर्नेल तेव्हा टल्साला इस्पितळात. अपेंडिक्स."
"अपेंडिक्स एप्रिलात."
"मार्चात! सूचीत दिलंय."
"सूचीत माझ्या चुलत्यालाही बँजोवर घातलंय,
त्यानं जन्मात बाटलीखेरीज कशाची मान धरली नाही."

झालं. काथ्याकूट सुरू.
न्यूयॉर्कवाल्यांकडे कागद होते, यांच्याकडे नुसती डोकी.
चौदा माणसं, दहा दिवसांत नऊ गावं,
झोप बसमध्ये, जेवण मागच्या दारानं.
ड्रमर डावखुरा होता की नव्हता.
आणि हा टेक इतका सरस, तर कंपनीनं पहिलाच का विकला?
"बहिरे होते," हरुष्का म्हणाला,
हे तो दर गुरुवारी कुणाबद्दल तरी म्हणतोच.

कोपऱ्यात डेल्फीन लॉकेट.
ब्याण्णव वर्षांची. आमच्यात येते त्याला सोळा वर्षं झाली,
बोलते ती कॉफी पातळ आहे एवढंच.
"शेवट लाव," ती म्हणाली. "फक्त शेवट."

लावला.
शेवटचा सूर आदळतो, थांबतो.
झांज विझत जाते.
ती पुरती विझण्याआधी, खरखरीच्या तळाशी
काहीतरी.
मघाशी आम्हाला तो ओरखडा वाटला होता.

"खोकला," डेल्फीन म्हणाली.
"बाबाचा."

बस तो चालवायचा. एझ्रा लॉकेट.
त्या रात्री शिकागोत हाडं गोठवणारी थंडी,
आणि त्या रस्त्यावर काळ्या माणसानं
मध्यरात्री थांबायचं कुठं?
म्हणून त्याला आत घेतलं, दारापाशी उभं केलं.
अख्खं गाणं त्यानं छातीत दाबून धरलं.
चार सेकंद कमी पडली.

"मेणाचे पैसे कापले त्याच्या पगारातून.
सांगायचा, मी पण आहे एका रेकॉर्डवर.
आई हसायची.
मी पण हसायचे."

पाच-सहा वेळा लावला आम्ही तो खोकला.
कोरडा, लाजलेला, पहिल्या बारचा माणूस
चुकून मध्येच शिरल्यासारखा.
मग हरुष्कानं सूची काढली, चष्मा पुसला:
ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, रीड, ऱ्हिदम.
समासात लिहिलं: एझ्रा लॉकेट.
वाद्याच्या रकान्यापाशी पेन अडलं.

"बस," डेल्फीन म्हणाली.

त्यानं तसंच लिहिलं.
ती म्हणाली ते वाद्य होतं की पुरे म्हणत होती,
कुणी विचारलं नाही.

कोट काढताना आकडे किणकिणले.
जिन्यात लेलंड माझ्या कानाशी:
"पण टेनर पर्नेलच."