किटण

पेच नावाचं एक शहर आहे हंगेरीत.
नावावर जाऊ नका, तिथे त्याचा अर्थ वेगळा.
शहराच्या पाठीशी मेचेकचे डोंगर, चुनखडीचे;
नळ सोडला की डोंगरच येतो घरात,
थोडा थोडा, विरघळून, तक्रार न करता.

शुक्रवारी सहानंतर
डॉक्टर सेपेशींच्या दवाखान्यातला शेवटचा पेशंट
गाल धरून जिना उतरला
आणि अरांकाने फिशटँकवरचं काचेचं झाकण उचललं.

झाकण कसलं!
उजेडात धरलं तर नासलेलं दूध.
वाफेचा थेंब चढतो, लटकतो, सुकतो,
मागे आपलं वर्तुळ सोडून जातो.
वर्तुळावर वर्तुळ,
हाताला खरखरीत, मांजराच्या जिभेसारखं.
वर दिवा जळतच होता,
आणि खाली गुरामींच्या घरात
अकरा महिने एकच संध्याकाळ.
पाणवनस्पती पिवळ्या पडल्या तेव्हा डॉक्टर म्हणाले, खत घाल.
तिने घातलं. शेवाळ खूश झालं.

तिथल्या भाषेत
दातावर चढतो तो दाताचा दगड,
किटलीत बसतो तो पाण्याचा दगड,
आणि अरांकाच्या डाव्या कुशीतून दोन हजार नऊ साली निघाला
तो मूत्रपिंडाचा.
तो तिने शिवणाच्या डब्यात ठेवलाय, बटणांबरोबर.
आपल्याकडे तिघांना तीन नावं: किटण, क्षार, मुतखडा.
एकाच घरातले आहेत
हे कळू न देण्याची चांगली सोय.

टेबलावर जुना टॉवेल, त्यावर झाकण पालथं.
त्यावर कागदी रुमाल, एकाला एक लावून,
तापात कपाळावर ठेवतात तशा घड्या,
आणि काकड्या मुरवायचं व्हिनेगर, दहा टक्क्यांचं,
घडी चिंब होईस्तोवर.
कान जवळ नेला तर बारीक फसफस,
कुणीतरी खूप लांबून कुजबुजत असल्यासारखी.
तास-दीड तास थांबायचं असतं.
तेवढ्यात तिने फरशी पुसली,
चुळा भरायचे पेले धुतले,
ग्राझला मुलीला फोन लावला.
वाजला, वाजला.

मग सपाटीला बसचा मुदत संपलेला पास,
आणि कडांना डॉक्टरांनी टाकून दिलेलं
टोक झिजलेलं दात खरवडायचं हत्यार,
आडवं धरून, काच जपत.
थर सुटले. पापुद्रे, खवले, पीठ.
कुठे नाहीच सुटले; तिथे पुन्हा घडी, पुन्हा व्हिनेगर,
आणि मध्ये एक शिवी.

डॉक्टर कोट चढवत दारात थांबले.
"जपून हं. म्हाताऱ्यांचे काही दात
किटणाच्याच आधारावर उभे असतात.
साफ केले की डुगडुगायला लागतात."
"ही काच आहे, डॉक्टर," ती म्हणाली,
आणि कोपरा सुटून तिच्या हातात आला.

जुनी तड होती. कुणी पाडली, कधी, विचारू नका;
विचारलं असतं तर त्या खोलीत दोघंच होते.
चुन्याने ती इतकी वर्षं धरून ठेवली होती.
डॉक्टरांनी टोपी घातली.
तिने तुकडा ॲप्रनच्या खिशात टाकला.

तीन पाण्यांनी धुऊन, नाकाने तपासून,
झाकण परत बसवलं. दिवा लावला.
उजेड असा कोसळला आत
की गुरामी घाबरून मुळांमागे दडले.
आणि दिसायला लागलं सगळंच:
रिकाम्या शंखांचा ढीग,
एक पाय नसलेला प्लॅस्टिकचा पाणबुड्या,
आणि त्याच्या काखेत,
ईस्टरला मेला म्हणून हिशेबातून वजा केलेला
तो म्हातारा कॅटफिश,
एकाच मिशीचा, डोळे मिचकावत नाही असा,
तिच्याकडे बघत.

ती खुर्चीवर बसली, पेशंटच्या.
बराच वेळ बसली.

सोमवारी नऊला पहिल्या आल्या शाळेतल्या भूगोलाच्या बाई.
टँककडे पाहिलंसुद्धा नाही.
नाक वर करून म्हणाल्या,
"लोणचं कोण घालतंय इथे?"
डॉक्टर आरसा पुसत होते.
"आ करा," ते म्हणाले.