दोनशे अकरा चिठ्ठ्या

उद्या पोटनिवडणूक.
बेळगुंदीच्या ओढ्यावर रताळी धुतायत
सात बायका, दोन गडी. बेळगावच्या यार्डला जायचा टेम्पो
मागचं फळकूट पाडून उभा.
आणि मी, अंगणवाडीची बाई,
पिशवीत दोनशे अकरा चिठ्ठ्या घेऊन.
चिठ्ठ्या कानडीत.
ज्यांची नावं, त्यांना त्या वाचता येत नाहीत,
म्हणून मी मोठ्यानं वाचतो.

"बोकमूरकर भरमाण्णा, तंदे सिद्दाप्पा, वय अठ्ठ्याहत्तर."
"तंदे न्हवं. वडील म्हण."
"वडील सिद्दाप्पा."
"हां. आता मी हाय."

भरमाण्णाच्या खिशात काळी फीत असते.
परवाच एक नोव्हेंबरला दंडावर बांधली होती,
आता वर्षभर तिच्यात तंबाखूची पुडी.
समितीचं सोडून दुसरं बटण त्याच्या बोटाला माहीत नाही.
एका निवडणुकीत समितीचा माणूस उभाच नव्हता,
त्या दिवशी तो मळ्यात जाऊन झोपला.
"कुणाला देणार, हे काय इचारतंय?
आईला कोण इचारतं गा, तू कुठल्या पक्षाची?"

शेवंता रताळ्याचं टोक खुडते.
"कुठली समिती पण? गेल्या खेपेला दोन उभ्या होत्या.
दोघी मी तुझी आई, मी तुझी आई करत आल्या.
जेवण मात्र दोन्हीकडचं बरं होतं."

हसणं पाण्यावरून पलीकडच्या काठापर्यंत गेलं.
सुदेश हसला नाही.
उद्यमबागेत फौंड्रीत लागलाय, मनगटावर ठिणग्यांचे तीळ.
"आजोबा, आधी देश, मग भाषा.
मत मोठ्या पक्षाला द्यावं, दिल्लीत ऐकू जाईल असं."
"तुझी हाक डोंगरापलीकडं चंदगडात ऐकू जात नाही,
दिल्लीचं सांगतोस."
"चंदगडची माणसं दवाखान्याला कुठं येतात?
आपल्याच बेळगावात की."

यावर कुणी बोललं नाही.
बुट्टीत रताळी जरा जोरात पडू लागली.

शेवंताची सून महादेवी, बैलहोंगलची,
घोटाभर पाण्यात उभी राहून नुसती ऐकत होती.
तिची चिठ्ठी शोधली. वरून खाली, खालून वर.
"माझं नाव ह्या गावात अजून लागलंच नाही अक्का.
दोन वर्षं झाली अर्ज देऊन."
मराठीत म्हणाली, आमच्यापेक्षा स्वच्छ.
"कानडी असून?" शेवंतानं विचारलं.
"कानडी असून."

मे महिन्यात पुण्याला गेलो होतो, चुलतबहिणीकडं.
निघताना म्हटलं, मी जातो.
तिच्या सुनेनं तोंडावर हात धरला.
बाईमाणूस असून जातो?
आमच्याकडं सगळ्या बाया जातोच म्हणतात, मी सांगितलं.
ती म्हणाली, गंमत आहे हो,
तुमचं मराठी अगदी कानडीच वाटतं.
एसटीत रात्रभर झोप लागली नाही. निपाणीपर्यंत
खिडकीतून पाट्या वाचत बसलो,
या लिपीतल्या, मग त्या लिपीतल्या.
हे भरमाण्णाला अजून सांगितलेलं नाही.

"दाव जरा," तो म्हणाला, "ह्यात कुठं हाय मी?"
त्याचं ओलं बोट धरून अक्षरावर ठेवलं.
"हे गोल गोल?"
"तो भ."
"डोक्यावर रेघ नाही त्याच्या."
"त्यांच्यात नसते."
बराच वेळ बघत राहिला,
लग्नाच्या जुन्या फोटोत स्वतःला शोधावं तसा.
मग चिठ्ठीची घडी घातली
आणि काळ्या फितीत, तंबाखूच्या पुडीशेजारी ठेवली.

अंधार पडला. टेम्पो भरला.
पिशवीत चार चिठ्ठ्या उरल्या:
दोघं मेलेले, एक गोव्याला कामावर,
एक माझी. तिच्यावर माझं वय तीन वर्षांनी कमी पडलंय,
ते मी दुरुस्त करून घेणार नाही.
मी कुणाला टाकणार, हे मात्र कुणी विचारलं नाही.

"मी जातो," म्हटलं.
"जा. सकाळी लवकर ये पण,"
भरमाण्णा बांधावरून ओरडला,
"खोलीच्या दारावरची पाटी वाचायला कोण तरी लागंल."