आत कोणी नाही

परवान्यावर तिचं नाव 'माल'.
लांबी बत्तीस, रुंदी बारा,
ट्रेलरसकट उंची चौदा फूट दोन इंच.
खिडक्या किती, ते कुणी विचारलं नाही.
सहा आहेत. जाळीच्या.

रात्री अकरा ते पहाटे पाच.
वेग वीसच्या वर नाही.
चारी कोपऱ्यांना लाल फडकी, मागे लुकलुकता दिवा,
पुढे एक जीप, ती मी चालवतो.
अटी सगळ्या टंकलेल्या,
शेवटची तेवढी पेनाने, घाईत:
मालात कोणीही बसू नये.

अंबडच्या यार्डात आठ महिने उभी होती ही खोली,
बिल कुठल्याशा टेबलावर अडकलं म्हणून.
घाटापलीकडच्या वाडीत तिच्यासाठी जोतं तयार आहे,
त्यावर आता गवतही तयार आहे.
बाळंतपणाची खोली.
दाराला कुलूप. किल्ली माझ्या खिशात,
दुसऱ्याच्या घराची असते तशी जड.

पुंजा बेंडकोळी माझ्याही पुढे, पायी.
हातात बांबू, टोकाला रबर गुंडाळलेली बेचकी.
पंचवटीत केबलच्या तारा तो अशा उचलतो,
जसं कुणी दारातल्या वाळवणाखालून
पाहुण्याला आत घेतं.
एका वाढदिवसाचा फलक मात्र फाटलाच.
भाऊंचा कान गेला.
'लिहून घ्या नुकसानीत,' इसाक वरून ओरडला,
आणि गिअर टाकला.

त्याआधी द्वारकेला अडवलं होतं.
मागे कांद्याच्या ट्रकांची रांग,
हॉर्न, शिव्या, त्यातच कुणाची तरी मोबाईलवरची आरती.
साहेबांनी बॅटरी मारून कागद वाचला, फीत लावून रुंदी पाहिली,
मग पत्र्यावर थाप मारून विचारलं,
'आत कोणी आहे?'
'नाही साहेब.'
आणि आतून, अगदी स्पष्ट,
पाल चुकचुकली.

पुंजानं बांबूवर तीन टिचक्या मारल्या.
कृष्ण, कृष्ण, कृष्ण.
साहेबांनी कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला.
पालीविषयी त्यात काही नव्हतं.

पेठ रोडला लागलो, पाच वाजले,
उमराळ्याच्या अलीकडे नियमाप्रमाणे थांबलो.
दिवसभर रस्त्याकडेला एक आख्खी खोली.
शाळेची पोरं तिच्या सावलीत चिंचा खाऊन गेली.
एक म्हातारी ट्रेलरभोवती फिरली, म्हणाली,
'उंबरा कुठंय हिचा?'
इसाकनं फॉर्म उलटून पाहिला.

तिसऱ्या पहाटे क्रेननं जोत्यावर ठेवली.
सिस्टर साबळे झाडू घेऊनच आल्या.
कुलूप मी काढलं.
स्विचबोर्डाच्या मागे, सिमेंटच्या पुडीएवढ्या फटीत,
दोन पांढरी अंडी. एक फुटलेलं, रिकामं.

सिस्टरांचा झाडू तिथवर गेला
आणि वळून दुसऱ्या कोपऱ्याला लागला.

पोचपावतीवर त्यांनी सही केली.
नग: एक. स्थिती: चांगली.
मी काही बोललो नाही.
परतीचा परवाना रिकाम्या गाडीचा होता,
त्याला अटी नसतात.