तिनं वळून बघितलं का

दुसऱ्या शनिवारी, सहा वाजता,
वर्तमानपत्रांचं टेबल भिंतीला सरकवून
मी अकरा खुर्च्या मांडते.
माणसं सात येतात, कधी आठ.
उरलेल्यांवर पिशव्या बसतात, एखादं हेल्मेट,
आणि चौगुले बाईंची
लक्ष्मीपुरीतून येताना घेतलेली मेथी.

आधी पुस्तक वाचायचं, मग त्यावरचा सिनेमा बघायचा,
मग इथं येऊन भांडायचं.
नियम एवढाच. चहा आपापला.

शिंत्रे वकील दर वेळी म्हणतात,
पुस्तक ते पुस्तक.
दर वेळी ते अर्धंच वाचलेलं असतं.
मला कळतं. खुणेचं एसटीचं तिकीट
साठाव्या पानापुढं कधी गेलेलं नाही.

आजच्या कादंबरीची आमच्याकडं एकच प्रत,
दोनदा बांधलेली, वाळवीनं समास खाल्लेली.
सिनेमा इथलाच.
कागलच्या अलीकडं एका गुऱ्हाळात काढलेला.
चौगुले बाईंचे दीर त्यात फेटा बांधून उभे आहेत,
डोळा लवला तर चुकतात.

वाद शेवटावर.
तुळसा गुऱ्हाळ सोडून निघते.
पुस्तकात दोनच शब्द: ती निघाली.
पूर्णविराम. लेखकानं हात झटकले.

आणि पडद्यावर?
बाई म्हणतात, दारात थांबली, वळून बघितलं तिनं.
पहिल्या आठवड्यात गेलो होतो आम्ही,
अख्खी रांग रडली, नणंदसुद्धा.
वकील म्हणतात, छे! मी पन्नासाव्या दिवशी बघितला.
सरळ गेली. म्हणून तर ती मोठी.
उद्यमनगरचा ओंकार हातातलं ऑईल पुसून
मोबाईल पुढं करतो.
चित्र पुसट, पांढऱ्या रेघांचं.
दारापाशी एक उडी,
आणि तुळसा एकदम लांब, पायवाटेवर.

"बघितलं व्हतं."
दाराजवळच्या खुर्चीतून दस्तगीर मुजावर.
दोन वर्षं येतात, आजवर बोलले नव्हते.
"वकीलसाहेब बी खरंच बोलत्यात."

"मी वर, मशीनवर. माझ्या वाट्याला
वीतभर खिडकी.
रीळ तुटायचं ते नेमकं त्याच दारात.
खाली पब्लिक खुर्च्या आपटतंय,
मालक जिन्यातनं वरडतोय.
ब्लेडनं दोन फ्रेम कापायच्या, खरवडायचं,
चिकटवायचं, परत चालू.
धा-बारा वेळा तुटलं असंल.
माणसाचं वळणं केवढं असतंय ओ?
एक सेकंद. चोवीस फ्रेम.
पन्नासाव्या दिवसापतोर
वळणं संपलं व्हतं.
ह्या पोराच्या मोबाईलात हाय ती आमचीच प्रत.
माझा जोड मी वळखतो."

मग खिशातून चुन्याची डबी.
आत चुना नव्हता.
पाच फ्रेम, नखाएवढ्या,
कडेला तांबूस झालेल्या.

ट्यूबलाईटखाली सगळे रांगेत उभे राहिले,
रेशनला राहावं तसे.
माझी पाळी आली तेव्हा मला दिसलं:
दाराची चौकट. कानातली कुडी.
मान जराशी कलती.
वळायला निघालेली की वळून परत फिरलेली,
पाच फ्रेमांत सांगता येत नाही.
"बघा!" बाई म्हणाल्या.
"कुठं काय?" वकील म्हणाले.

मी दाखल-नोंदवही उघडली.
म्हटलं, द्या चाचा, नंबर घालते,
पुस्तकाच्याच पाकिटात ठेवू.
त्यांनी टोपण लावलं.
"पुस्तक पंधरा दिसांत परत करायचं असतंय.
मला हे एकेचाळीस वर्षं जमलं न्हाई.
दंड किती होतोय तेवढं बघा की."

सगळे हसले. मीही.
सगळे गेल्यावर मात्र, रोजचे पन्नास पैसे धरून,
मी खरंच हिशेब केला:
सात हजार चारशे ऐंशी.
पावती फाडली नाही.
खुर्च्या एकात एक रचल्या.
नवव्या खुर्चीवर मेथी तशीच राहिलेली,
कडेनं सुकत चाललेली.