शंभर पावलं

पडद्यावर रात्रीचं पुणं असं दिसतं:
बाणेरला निखारे, हिंजवडीच्या वाटेवर जाळ,
कोथरूड हळदीचं बोट लावल्यासारखं,
माझाही ठिपका त्यातच कुठेतरी.
आणि अप्पर इंदिरानगरच्या उतारावर
काहीच नाही.

साहेब म्हणाले, इथे कोणी चालतच नाही,
दिवे कोणासाठी लावायचे?
आणि चहा मागवला.

पहाटे साडेचारला मी तिथे गेलो,
स्कूटरचा दिवा बंद करून उभा राहिलो.
आधी चपला ऐकू आल्या,
मग खोकला,
मग काखेत रिकामी पाटी घेतलेली झुंबर अवघडे,
मागे अकरा जणी.
मार्केटयार्डला निघालेल्या, कांदा निवडायला.

फोन?
"हाये की. पोराकडं. त्याची शाळा त्यातच असती."
हलीमाचा नवऱ्याच्या खिशात.
एकीचा बटणांचा, त्याला आकाशातलं काही कळत नाही.
बाकीच्या नुसत्या हसल्या.

ऑफिसातले सात जुने फोन
मी रजिस्टरवर सही करून आणले.
आठ दिवस भाकरीच्या फडक्याशेजारी ठेवा, म्हटलं,
बाकी काही करायचं नाही.

हलीमाने फोन हातात घेतला नाही.
"कोण कुणाच्या दारातून कधी निघतं
हे लिहून ठेवायचं नसतं, भाऊ.
उद्या कुणी मागितलं, तर तुम्ही नाही म्हणणार?"
मला उत्तर सुचलं नाही.

मग मोरीच्या कठड्यावर बसून त्यांनीच ठरवलं:
वाट सगळ्यांची मिळून एक, नावं नकोत,
आणि प्रत्येकीच्या दारापासून
शंभर पावलं पुसून टाकायची.
झुंबरने स्वतःची मोजून दाखवली.
सार्वजनिक नळापर्यंत त्र्याण्णव भरली,
तर नळाला वळसा घालून
उरलेली सात चालली.

नवव्या दिवशी पडद्यावर
नळापासून गंगाधाम चौकापर्यंत
एक बारीक रेघ उमटली,
उसवलेल्या जागी घाईत घातलेल्या टाक्यांसारखी,
दोन ठिकाणी तुटलेली.
साहेबांनी चष्मा पुसला. फाईल वर गेली.

चार खांब मंजूर झाले.
एक उभा आहे. दिवाळीपासून.
परवा जाताना हात लावून पाहिला, गार होता.

झुंबर फोन करते, पोराची शाळा सुटल्यावर.
"नकाशात हाये का अजून आमी?"
मी उघडून बघतो. आहे, म्हणतो.
"मंग दिवा कुटं अडलाय?"